लोणी पांढरं, बटर पिवळं

मराठीत एकाच पदार्थाला दोन शब्द आहेत आणि दोन रंगही. 'लोणी' म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरा गोळा येतो. ताकावर तरंगणारा, थालीपिठावर ठेवला की विरघळत जाणारा, बाळकृष्णाच्या तोंडाला लागलेला. 'बटर' म्हटलं की पिवळी वडी येते. पावभाजीच्या तव्यावर सुरीने ढकललेली, टोस्टवर फासलेली. शब्दकोश उघडला तर दोन्हींचा अर्थ एकच. पण दुकानात जाऊन बटर मागितलं आणि पांढरी वडी मिळाली, तर आपण आधी तारीख बघू आणि मग दुकानदाराकडे.

हा पिवळा रंग आला कुठून? पदार्थातून आला, सवयीतून आला, की कोणीतरी तो आपल्या डोक्यात नीट बसवला? मार्केटिंगच्या स्लाइड्समध्ये याचं उत्तर एका ओळीत मिळतं: पिवळा म्हणजे आनंद, लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग. पण लोण्याच्या पिवळेपणाचा इतिहास बघितला तर या तक्त्यावरचा विश्वास डळमळतो. त्या इतिहासात गवत आहे, गाय आणि म्हैस आहे, एक सम्राट आहे, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेले खटले आहेत, शिवडीचा कारखाना आहे आणि आणंदची डेअरी आहे. रंगाचं 'मानसशास्त्र' ज्याला म्हणतात, ते बऱ्याचदा या सगळ्यांनी मिळून घडवलेलं असतं.

गवताचा रंग

सुरुवात गोठ्यातून करू. हिरव्या गवतात कॅरोटीन नावाचं पिवळं-नारिंगी रंगद्रव्य असतं. गाजराला रंग देतं तेच. गवतात ते हिरव्या रंगाखाली झाकलेलं असतं. गाय गवत खाते, त्यातलं थोडं कॅरोटीन तिच्या दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. दुधात ते फारसं दिसत नाही. पण घुसळून लोणी काढलं की स्निग्धांश एकवटतो आणि पिवळी झाक वर येते.

म्हशीचं शरीर वेगळं वागतं. ती कॅरोटीनचं जवळजवळ पूर्णपणे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते, आणि अ जीवनसत्त्वाला तसा रंग नसतो. म्हणून म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र आणि गाईचं तूप सोनेरी. महाराष्ट्र-गुजरातेत दुभतं म्हणजे मोठ्या प्रमाणात म्हैस, म्हणून आपलं 'लोणी' पांढरं. युरोप-अमेरिकेत दूध म्हणजे गाय, म्हणून तिकडचं लोणी पिवळं.

तेही बाराही महिने नाही. वसंतात आणि उन्हाळ्यात गाई कुरणात चरत, तेव्हा लोणी चांगलं पिवळं होई. हिवाळ्यात त्या गोठ्यात वाळलेल्या चाऱ्यावर असत, तेव्हा लोणी फिकट, जवळजवळ पांढरं. ग्राहकाने यातून एक साधा हिशेब मांडला: पिवळं म्हणजे ताजं गवत खाल्लेल्या गाईचं, फिकं म्हणजे हलकं. हिशेब अगदी चुकीचा नव्हता. रंग ही तेव्हा खरोखर एक बातमी होती.

जिथे बातमीला किंमत असते, तिथे खोटी बातमीही येते. युरोपातले शेतकरी हिवाळ्यातल्या लोण्यात गाजराचा रस किंवा झेंडूसारख्या फुलांच्या पाकळ्यांचा रंग मिसळू लागले. पुढे ॲनाटो आला. उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या एका झाडाच्या बियांवरच्या लाल आवरणातून निघणारा हा रंग. मराठीत त्या झाडाला शेंद्री म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या डेअऱ्यांसाठी तर लोण्याला द्यायचा रंग बाटलीत तयार मिळू लागला. म्हणजे नकली लोणी बाजारात यायच्या आधीच अस्सल लोणी रंग लावून बसलेलं होतं. पुढचं सगळं भांडण समजून घ्यायचं तर ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

मोत्याच्या नावाचा पदार्थ

नकली लोण्याच्या नावामागे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आहे, मिशेल यूजेन शेव्रल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने चरबीचा अभ्यास केला. त्यात त्याला मोत्यासारखी चमक असलेला एक घटक सापडला. ग्रीक भाषेत मोत्याला 'मार्गारितेस' म्हणतात, म्हणून त्याने त्याला मार्गारिक ॲसिड असं नाव दिलं. पुढे कळलं की तो एक पदार्थ नव्हताच, दोन आम्लांचं मिश्रण होतं. नाव मात्र टिकलं.

हाच शेव्रल १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगकामाचा प्रमुख होता. तिथे तक्रार होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. शेव्रलने रंग तपासला, रंगात खोट नव्हती. खोट शेजारात होती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यावर तोच काळा फिका वाटत होता. रंग आपल्याला एकटा कधी दिसतच नाही, शेजारच्या रंगासह दिसतो, हा नियम त्याने १८३९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. पुढच्या चित्रकारांवर त्याचा मोठा प्रभाव पडला. ज्या माणसाच्या प्रयोगातून 'मार्गारीन' हा शब्द आला, त्यानेच रंग डोळ्याला कसा चकवतो हेही सांगून ठेवलं होतं.

१८६० च्या दशकात फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने बक्षीस जाहीर केलं. सैन्यासाठी आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त, टिकाऊ पर्याय हवा होता. शहरं वाढत होती, कारखान्यातल्या मजुराला लोणी परवडत नव्हतं. १८६९ मध्ये इपोलित मेज-मूरिएस या रसायनशास्त्रज्ञाने गाईच्या चरबीतला मऊ भाग आणि साय काढलेलं दूध घुसळून एक पदार्थ बनवला आणि त्याचं पेटंट घेतलं. त्याला मार्गारीन म्हणू लागले. दोन वर्षांनी युर्गेन्स या डच लोणी-व्यापारी घराण्याने ती कृती विकत घेतली. युर्गेन्स हे नाव लक्षात असू द्या, ते पुढे मुंबईत येणार आहे.

मार्गारीन स्वस्त होतं, टिकत होतं, पोट भरत होतं. अडचण एकच होती. ते पांढरट होतं. पावावर लावलं की चरबी लावल्यासारखं दिसे, आणि ते खरंच तसं होतं. कारखानदारांनी डेअरीवाल्यांचीच बाटली उचलली आणि मार्गारीन पिवळं केलं.

गुलाबी करा!

अमेरिकेतले दूध-शेतकरी खवळले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. दुकानदार पिवळं मार्गारीन लोणी म्हणून, लोण्याच्या भावात विकत होते, ग्राहक फसत होते. पण मागणी फक्त 'डब्यावर नाव लिहा' एवढी राहिली नाही. पिवळा हा लोण्याचा रंग आहे, तो दुसऱ्याने वापरायचाच नाही, असा दावा उभा राहिला.

१८८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या सहीने ओलिओमार्गारीन कायदा झाला. मार्गारीनवर पौंडामागे २ सेंट कर लागला. बनवणाऱ्याला वर्षाला ६०० डॉलर, घाऊक विक्रेत्याला ४८० आणि किरकोळ दुकानदाराला ४८ डॉलर परवाना शुल्क भरावं लागे. याच कायद्यात लोण्याची व्याख्याही आहे: फक्त दूध किंवा सायीपासून बनलेला पदार्थ, मीठ घातलेला किंवा न घातलेला, रंग मिसळलेला किंवा न मिसळलेला. म्हणजे लोण्याने रंग लावला तरी ते लोणीच, मार्गारीनने लावला तर फसवणूक.

राज्यं आणखी पुढे गेली. अनेक राज्यांनी पिवळ्या मार्गारीनवर बंदी घातली. मॅसॅच्युसेट्सची बंदी १८९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. न्यू हॅम्पशायर, व्हर्मांट, वेस्ट व्हर्जिनिया यांसारख्या राज्यांनी तर उलटा मार्ग काढला: मार्गारीन विकायचं असेल तर ते गुलाबी रंगवूनच विका. विचार करा, पावावर गुलाबी चरबी! कायद्याने विक्रीला परवानगी दिलेली होती आणि एकही गिऱ्हाईक येणार नाही याची सोयही केलेली होती.

१८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू हॅम्पशायरचा हा गुलाबी नियम रद्द केला. न्यायालयाचा मुद्दा स्वच्छ होता. असा नियम चालवून घेतला तर उद्या एखादं राज्य म्हणेल की त्यात दुर्गंधी येईल असं काहीतरी मिसळा. चांगल्या पदार्थाबद्दल किळस निर्माण करून त्याची विक्री थांबवणं ही बंदीच झाली.

'रंगाचं मानसशास्त्र' हा शब्दप्रयोग तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण गोठ्यातल्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्या आमदारांना ते पक्कं कळलेलं होतं. त्यांनी मार्गारीनच्या चवीला हात लावला नाही, पौष्टिकतेला लावला नाही. फक्त रंग बदलायला सांगितला.

गुलाबी गेलं तेव्हा कर आला. १९०२ मध्ये कायदा सुधारला. रंग न दिलेल्या मार्गारीनवर पौंडाला पाव सेंट, कृत्रिम रंग दिलेल्यावर १० सेंट. चाळीस पट! तोच पदार्थ, तीच चव, फरक फक्त रंगाचा. हा कर १९०४ मध्ये न्यायालयात टिकला. खटला मॅक्रे नावाच्या विक्रेत्याचा होता. त्याने विकायला ५० पौंड मार्गारीन घेतलं, त्यावर पाव सेंटाचाच कर भरलेला होता. पण ते पिवळं होतं. का? तर त्यात थोडं खरं लोणी मिसळलेलं होतं, आणि त्या लोण्याला डेअरीने आधीच कृत्रिम रंग दिलेला होता. डेअरीचा रंग डेअरीत कायदेशीर, तोच रंग मार्गारीनमध्ये झिरपला की १० सेंट. न्यायालयाने कर कायम ठेवला.

स्वयंपाकघरातला रंगारी

या कराचं ओझं कोणावर पडलं? लोणी ज्यांना परवडत होतं त्यांच्यावर नक्कीच नाही. मार्गारीन गिरणी कामगाराच्या, खाण कामगाराच्या घरात खाल्लं जाई. त्याच्या घरात आता पांढरी वडी येऊ लागली आणि सोबत रंगाची छोटी पुडी. वडी मऊ करायची, रंग टाकायचा, आणि हाताने मळत बसायचं. रंग एकसारखा झाला नाही तर पिवळे-पांढरे पट्टे. पुढे पिशवीतच रंगाची गोळी ठेवलेली पाकिटं आली, ती दाबून फोडायची आणि पिशवी मळायची. अनेक घरांत हे काम लहान मुलांकडे असे.

मळलेल्या रंगाने चव बदलत नव्हती. पोट पांढऱ्यानेही भरलं असतं. तरी लाखो घरांनी ही कटकट केली. कारण टेबलावरची पांढरी वडी घरातल्या सगळ्यांना आणि आलेल्या पाहुण्याला एकच गोष्ट सांगत होती: या घराला लोणी परवडत नाही. सरकारने गरिबीला रंग नेमून दिला होता, आणि आई रोज तो पुसत होती.

दुसऱ्या महायुद्धात लोण्याचं रेशनिंग झालं आणि मध्यमवर्गाच्या घरातही मार्गारीन आलं. मळण्याचा त्रास मतदारसंख्येने मोठ्या वर्गाला झाला, तेव्हा काँग्रेसला तो दिसला. १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी कर रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यातही एक गमतीदार अट होती. हॉटेलात पिवळं मार्गारीन वाढायचं तर सोबत नाव लिहिलेलं हवं, नाहीतर प्रत्येक तुकडा त्रिकोणी कापलेला हवा. रंग सुटला, तर कायद्याने आकार धरला.

'डेअरीचं राज्य' म्हणून मिरवणाऱ्या विस्कॉन्सिनने पिवळ्या मार्गारीनवरची बंदी १९६७ पर्यंत सोडली नाही. लोक गाडी काढून शेजारच्या इलिनॉयमध्ये जात आणि पिवळं मार्गारीन भरून आणत. तिथले गॉर्डन रोजलीप हे सिनेटर बंदीचे कट्टर समर्थक होते. १९६५ मध्ये त्यांनी डोळे बांधून चव ओळखण्याची परीक्षा दिली आणि मार्गारीनला लोणी म्हणाले. त्यांच्या मृत्यूनंतर घरच्यांनी खुलासा केला की त्यांच्या पत्नी तब्येतीच्या काळजीपोटी त्यांना घरी गुपचूप मार्गारीनच देत होत्या. जिभेला तीच चव लोण्याची म्हणून ठाऊक झाली होती. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर मार्गारीन पिवळं विकायला २००८ उजाडावं लागलं.

रंग विकणारे येतात

अमेरिकेत हा वाद शेवटच्या टप्प्यात असताना शिकागोत लुई चेस्किन नावाचा माणूस रंग आणि पॅकिंगचा अभ्यास करत होता. त्याचं म्हणणं असं की माणूस डबा आणि डब्यातला पदार्थ वेगळा करत नाही. डब्याबद्दल जे वाटतं, ते नकळत पदार्थाच्या चवीत जाऊन बसतं. याला त्याने 'संवेदनेचं स्थलांतर' अशा अर्थाचं नाव दिलं.

मार्गारीन हे त्याचं गाजलेलं काम. त्याच्या संस्थेतल्या लोकांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी: गृहिणींना जेवणाला बोलावलं, निमित्त भाषणाचं. पानात पिवळं केलेलं मार्गारीन ठेवलं. नंतर इतर प्रश्नांमध्ये सहज विचारलं, लोणी कसं होतं? चांगलं होतं, म्हणाल्या. चेस्किनचा निष्कर्ष असा की भांडण चवीचं नाहीच. त्याने कारखानदाराला सांगितलं: पिवळं करा, चकाकत्या वर्खात गुंडाळा, वर मुकुट छापा. वर्ख तेव्हा उंची मालाची खूण मानला जाई.

याच जातीचा एक नंतरचा प्रयोग जास्त काटेकोर आहे. २००१ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो इथल्या संशोधकांनी वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांसमोर पांढरी वाइन ठेवली, बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. नाकाने काय सांगायचं, हे डोळ्याने आधीच ठरवलं होतं.

पण लाल म्हणजे काय, हे डोळ्याला कोणी शिकवलं? लाल वाइन आधी शंभरदा पिऊन झालेली होती, म्हणून. ज्याने आयुष्यात वाइन पाहिली नाही, त्याच्यावर हा रंग ते काम करणार नाही. लोण्याचंही तेच. पिवळा रंग मुळात लोण्याचा नाही. गाय, गवत, शेंद्रीची बी आणि दहा सेंटांचा कर यांनी मिळून तो लोण्याचा केला. म्हणूनच तो म्हशीच्या मुलखात आला तेव्हा गोष्ट उलटी फिरली.

पिवळा डबा, पांढरा माल

युर्गेन्स आणि त्यांचे प्रतिस्पर्धी व्हॅन डेन बर्ग १९२७ मध्ये एकत्र आले. ही मार्गारीन कंपनी पुढे साबण बनवणाऱ्या ब्रिटिश लीव्हर ब्रदर्समध्ये मिसळली आणि युनिलीव्हर जन्माला आली. १९३१ मध्ये तिने भारतात हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला. १९३७ मध्ये डालडा आलं.

भारतात लोण्यापेक्षा तुपाची बाजारपेठ मोठी, म्हणून इथे नक्कल तुपाची झाली. वनस्पती तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं. त्याला तुपासारखं रवाळ करता येतं. रंग? पांढरा. अमेरिकेत हा पांढरा रंग नकली मालाची चुगली करत होता. इथे म्हशीचं तूप पांढरटच असतं, त्यामुळे पांढऱ्या वनस्पतीने चुगली केली नाही. उलट ती तुपात मिसळली तर डोळ्याला कळतच नव्हतं. डालडाचा डबा मात्र पिवळा होता, त्यावर हिरवं पामचं झाड. पिवळेपणा मालातून निघून पॅकिंगवर गेला होता.

भेसळीचा प्रश्न खरा होता. घाऊक बाजारात तुपात वनस्पती मिसळली जाई आणि तुपाच्या भावात विकली जाई. गांधीजींचा वनस्पतीला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर संसदेत बंदीची मागणी झाली. बंदी नाही तर निदान वनस्पतीला रंग तरी द्या, म्हणजे मिसळली की दिसेल, असाही आग्रह झाला. न्यू हॅम्पशायरच्या गुलाबी कायद्याची ही भारतीय आवृत्ती, पण हेतू वेगळा. तिथे ग्राहकाला किळस यावी म्हणून रंग, इथे ग्राहक फसू नये म्हणून.

रंग काही सापडला नाही. तो तेलात विरघळणारा हवा, तळणीच्या उष्णतेत टिकणारा हवा, रोज खाल्ला तरी निर्धोक हवा, आणि भेसळ करणाऱ्याला गाळून काढता येऊ नये असाही हवा. या सगळ्या अटी एकत्र पुऱ्या करणारा रंग हाती लागेना. मग नियमांनी वेगळी वाट धरली. वनस्पतीला तुपासारखा दिसणारा रंग देता येणार नाही, तुपासारखा वास देता येणार नाही, आणि तिच्यात ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे.

तिळाचं तेल का? प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं की तिळाचं तेल लालसर गुलाबी होतं. बोडुआँ चाचणी म्हणतात तिला. तुपाच्या नमुन्यात गुलाबी रंग उमटला की समजायचं, वनस्पती मिसळली आहे. जो गुलाबी रंग अमेरिकेत लोकांच्या ताटात आणायचा होता, तो भारताने परीक्षानळीत ठेवला. ताटातल्या माणसाला रंगाने लाजवायचं नाही, आणि भेसळ करणाऱ्याला सुटूही द्यायचं नाही. कागदावर तरी हा तोडगा जास्त माणुसकीचा होता. गैरसोय एवढीच की परीक्षानळी ग्राहकाच्या घरात नसते.

आणंदचं पांढरं संकट

आता पुन्हा बटरकडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईत बटर म्हणजे पोल्सन. पेस्तनजी एदलजी दलाल यांचा हा ब्रँड इतका रुळला की मुंबईच्या बोलीत 'पोल्सन लावणे' म्हणजे खुशामत करणे. 'लोणी लावणे' आणि 'मस्का मारणे' आधीच होतं, त्यात एका कंपनीचं नाव जाऊन बसलं. कुठल्याही जाहिरात कंपनीला पैसे देऊन हे करून घेता आलं नसतं.

पोल्सनची डेअरी आणंदला होती आणि खेडा जिल्ह्यातलं दूध मुंबईला जाई. मुंबईला दूध पुरवण्याची मक्तेदारी पोल्सनकडे, भाव ठरवणारेही तेच. शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये दूध बंद केलं आणि त्याच वर्षी सहकारी संघ नोंदवला. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन आणंदला आले. १९५५ मध्ये संघाची मोठी डेअरी सुरू झाली, अमूल हे नाव बाजारात आलं, आणि पोल्सनशी थेट सामना सुरू झाला.

सामना सोपा नव्हता. कुरियन यांनी आत्मकथनात लिहिलं आहे की पोल्सनचं बटर साठवून आंबलेल्या सायीचं, खारट आणि तीव्र स्वादाचं होतं. अमूलचं ताज्या सायीचं, म्हणून लोकांना सपक वाटलं. ताजेपणा हा दोष ठरला! कारण बटर म्हणजे काय, हे मुंबईच्या जिभेला पोल्सनने शिकवलेलं होतं. अमूलला आपलं बटर ग्राहकाच्या त्या सवयीकडे न्यावं लागलं.

रंगाचंही तसंच. खेड्यातलं दूध प्रामुख्याने म्हशीचं. त्याचं लोणी पांढरं. ते घरात चालतं, देवळात चालतं, पण 'बटर' म्हणून पाकिटात चालत नाही. आज अमूल बटरच्या वेष्टनावर घटक वाचा: लोणी, मीठ आणि परवानगी असलेला नैसर्गिक रंग, ॲनाटो. तोच शेंद्रीच्या बियांचा रंग, जो युरोपातला शेतकरी हिवाळ्यातलं फिकं लोणी वसंतातलं वाटावं म्हणून घालत असे. गुजरातची म्हैस आणि युरोपचं कुरण यांची गाठ एका वडीत पडली आहे.

ही फसवणूक आहे का? नाही म्हणावं लागेल. वेष्टनावर लिहिलं आहे, रंग निर्धोक आहे, पदार्थ अस्सल आहे. पण हे खरं की आपण ज्याला बटरचा 'स्वाभाविक' रंग समजतो, तो एका दुसऱ्या खंडातल्या, दुसऱ्या जनावराच्या, दुसऱ्या ऋतूतल्या लोण्याची आठवण आहे. आणि ती आठवण आपली नाही, उसनी आहे.

ज्याला रंग नव्हता

या साऱ्या गदारोळात एक गोष्ट कोणालाच दिसली नाही, कारण तिला रंग नव्हता. तेलात अर्धवट हायड्रोजन सोडला की ट्रान्स फॅट तयार होतं. हृदयविकाराशी त्याचा संबंध विसाव्या शतकाच्या शेवटी ठळकपणे पुढे आला. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर कडक मर्यादा आणली. अमेरिकेने २०१५ मध्ये अर्धवट हायड्रोजनयुक्त तेलांची सुरक्षित ही मान्यता काढून घेतली. भारतात २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आली.

दशकानुदशकं कायदेमंडळांत आणि न्यायालयांत भांडण झालं ते पिवळ्याचं. कोणी पिवळा लावायचा, किती कर द्यायचा, तुकडा चौकोनी की त्रिकोणी. खरा धोका त्या काळात पांढऱ्या आणि पिवळ्या दोन्ही वड्यांमध्ये सारखाच बसून होता. ज्या मजुराच्या घरावर रंगाचा कर लागला, त्याच्याच घरात तो सर्वात जास्त गेला. भारतातही वनस्पती परवडणारे आणि तूप न परवडणारे हेच तिचे मोठे गिऱ्हाईक होते.

म्हणून रंगाचा तक्ता दाखवून 'पिवळा म्हणजे आनंद' असं कोणी सांगितलं, तर एक प्रश्न विचारून बघावा: कोणाचा, आणि कधीपासून? १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की नुसता एक रंगही ट्रेडमार्क असू शकतो, अट एवढीच की लोकांच्या मनात तो त्या मालाशी जोडला गेलेला असावा. लोण्याच्या व्यापाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच मागितलं होतं. फरक असा की त्यांना तो रंग गाईनेही पूर्ण दिलेला नव्हता. वर्षातले काही महिने ती देत होती, उरलेले महिने बाटली.

आपल्याकडे मात्र अजून दोन्ही शब्द जिवंत आहेत. घरात विरजणाच्या सायीचं काढलं तर ते लोणी, आणि फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात वेष्टनात असतं ते बटर. दोन्ही एकाच म्हशीचं असू शकतं. तरी पावभाजीवर पांढरा गोळा टाकला तर घरातलं कोणीतरी विचारणारच, बटर संपलं का?